तडा जिथे थांबतो

जेवणाच्या टेबलावर शेगडी, तिच्यावर मातीचं जाड भांडं, आत रटरटणारा रस्सा आणि भोवती बसून त्यातूनच वाढून घेणारं घर. जपानमधल्या ‘दोनाबे’ची ही पंगत पाहून डोंगरकड्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: आपलं गाडगं गॅसवर तडकतं, मग त्यांचं का नाही?

माती उष्णता फार सावकाश पुढे देते. बर्नरवरचा तळ तापून फुगतो, काठ गारच राहतात आणि या ओढाताणीत चीर पडते. सगळा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो, म्हणून ती पळत सुटते. तिला अडवायचा उपाय मोठा मजेदार आहे: भांड्यात आधीच छिद्रं ठेवायची! चिरलेल्या पत्र्याला कारागीर चिरेच्या टोकाशी गोल भोक पाडतो, तसंच. छिद्रात शिरलेली चीर बोथट होते.

मिए प्रांतातल्या इगाला ही छिद्रं निसर्गानेच दिली. तिथली माती म्हणजे सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी तिथे असलेल्या बिवा सरोवराचा तळ. तिच्यात गाडलेला पालापाचोळा भट्टीत जळतो, पोकळ्या उरतात. नव्या दोनाबेत आधी भाताची पेज शिजवतात, ती पाझर बुजवायला.

त्याच प्रांतातल्या योक्काइचीत मातीत पेटालाइट मिसळतात. लिथियमचं हे खनिज असलं की भांडं तापूनही जेमतेम फुगतं. ते १८०० च्या सुमारास स्वीडनमध्ये ओळखलं जोझे बोनिफासियो यांनी. हेच गृहस्थ पुढे, १८२२ मध्ये, ब्राझीलच्या स्वातंत्र्याचे शिल्पकार झाले! १८१७ मध्ये आर्फवेडसन यांना लिथियम सापडलं तेही याच खनिजात.

आणि आपला कुंभार? तो चिकणमातीत लीद, राख, भुसा मळतो. आव्यात लीद आणि भुसा जळून जातात, छिद्रं मागे राहतात. इगाच्या सरोवराचं काम तो हाताने करतो. मातीच्या भांड्यांना औषधी ठरवणाऱ्या जाहिराती या खऱ्या विद्येबद्दल चकार शब्द काढत नाहीत, आणि पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातही कुंभाराला जागा नाही. ती मिळायलाच हवी.

तोवर एवढं करा: कुंभाराकडून पाण्याचं नव्हे, शिजवायचं गाडगं मागून घ्या. चुलीचा जाळ तळाला सगळीकडून कवटाळतो, गॅसचा एका कड्यापुरताच लागतो. म्हणून आच मंद ठेवा, हळूहळू वाढवा आणि तापल्या गाडग्यात गार पाणी ओतू नका.