आश्रय ओळींमागील जनुकशास्त्र

बीटी कपाशीभोवती बिगर-बीटीच्या ओळी कशासाठी, असा प्रश्न शेतकरी बांधव वारंवार विचारतात. त्याचे उत्तर शालेय विज्ञानातील पेशी व डीएनएच्या पाठात आहे.

पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात व गुणसूत्रांत डीएनए. डीएनएचा जो भाग एखादे प्रथिन घडविण्याची माहिती पुरवितो, तो जनुक होय. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. एक मातेकडून, दुसरी पित्याकडून आलेली.

बीटी कपाशीतील क्राय१एसी हे प्रथिन गुलाबी बोंडअळीच्या आतड्यातील पेशींवर असलेल्या कॅडहेरिन या प्रथिनाशी जोडले जाते. त्यानंतर पेशीपटलाला छिद्रे पडतात, पेशी फुटतात व अळी मरते. कॅडहेरिनच्या जनुकात विशिष्ट बदल झाल्यास ही जोडणी नीट होत नाही. मात्र हा बदल सहसा अप्रभावी असतो. दोन्ही प्रती बदललेल्या असतील, तरच अळी जगते.

आश्रय ओळींत वाढलेल्या संवेदनशील पतंगांशी प्रतिकारक्षम पतंगांचे मीलन झाल्यास संततीत बदललेली एकच प्रत येते आणि ती बीटी कपाशीवर मरते. आश्रय ओळी नसल्यास प्रतिकारक्षम पतंगांचे आपसांत मीलन होऊन प्रतिकारक्षम पिढी वाढत जाते.

भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये, तर दोन जनुकांच्या वाणांना २००६ मध्ये मान्यता मिळाली. आश्रय ओळींकडे सर्वत्र दुर्लक्ष झाले आणि गुलाबी बोंडअळी आज दोन्ही प्रथिनांना प्रतिकारक्षम झाली आहे. त्यामुळे आता कामगंध सापळे लावणे, डोमकळ्या नष्ट करणे व फरदड टाळणे अनिवार्य ठरते. पुढील कोणतेही नवे वाण टिकवायचे असेल, तर आश्रय ओळी पहिल्याच हंगामापासून लावाव्या लागतील.