नाशिककरांच्या रेडिओवर ‘सुवार्ता’ समुद्रापलीकडून का?

नाशिकचा शरणपूर रोड १९व्या शतकातील ख्रिस्ती मिशनच्या वसाहतीची आठवण जपतो. रेडिओवरचा ख्रिस्ती संदेश मात्र बाहेरून आला. ‘फेबा रेडिओ’ने १९७० मध्ये सेशेल्स बेटांवरून शॉर्टवेव्ह प्रक्षेपण सुरू केले. भारतीय भाषांतील कार्यक्रमही तिथून प्रसारित होत. २००३ मध्ये हे प्रक्षेपण थांबले.

परदेशातूनच का?
देशात प्रक्षेपण सरकारच्याच हाती होते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. पुढे खासगी एफएम आले, पण त्या परवान्यासाठी धार्मिक संस्था अपात्र ठरतात. हा नियम सर्वच धर्मांना लागू आहे.

मग स्थानिक आवाज कोणता?
२००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. नाशिकचे ‘रेडिओ विश्वास’ (९०.८ एफएम) हे असेच केंद्र. कोरोनात शाळा बंद असताना, जून २०२० पासून ‘शिक्षण सर्वांसाठी’ या उपक्रमातून जिल्हा परिषद शाळांतील मुलांचे धडे त्यावर लागले. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, त्यांना त्याचा आधार झाला. केंद्राला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले.

आता काय बदलले?
इंटरनेट रेडिओला एफएम लहरी लागत नाहीत. त्यामुळे भजन असो, कीर्तन असो वा सुवार्ता, आता सारे मोबाइलवरच ऐकता येते.