खोलणं सोपं, बांधणं अवघड!

ट्रकचा टर्बो अंगणात उतरवायला दोन पाने पुरतात. तो नीट बसवायला मात्र डोकं, धीर आणि स्वच्छ फडकं लागतं.

'भाऊ, गाडी दम धरस नही!'

आग्रा रोडवरच्या गॅरेजात हे वाक्य हमखास कानावर पडतं. रिकामी गाडी बरी पळते. माल भरला, शिरपूर मागं पडलं, पळासनेरच्या पुढं बिजासन घाटाचा चढ लागला की खरं काय ते कळतं. अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबलेला, मागं काळा धूर आणि गाडी मुंगीच्या चालीनं. ड्रायव्हर म्हणतो, 'टर्बो गेला.'

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. वर किल्ला, खाली महामार्ग आणि दिवसरात्र ट्रक. ज्या घरात एकच ट्रक आणि वडीलच ड्रायव्हर, तिथलं गणित सरळ असतं. गाडी उभी राहिली की भाडं थांबतं, पण बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून मग काम घरीच काढलं जातं. अंगणात ताडपत्री अंथरली जाते, शेजारचा मेकॅनिक काका येतो आणि सुट्टीला घरी आलेल्या मुलाच्या हातात बॅटरी दिली जाते. 'इकडं धर. इकडं रे!'

ती बॅटरी धरणारे तुम्ही असाल, तर समोर काय चाललंय ते समजून घ्या. सेमिस्टरच्या पुस्तकातला धडा तिथं उघडा पडलेला असतो.

हवेचा खेळ

एक किलो डिझेल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. जास्त ताकद हवी असेल तर जास्त डिझेल जाळावं लागतं, आणि त्यासाठी सिलिंडरमध्ये हवाही जास्त कोंबावी लागते. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं हवा दाबून इंजिनात ढकलायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. त्याचं पेटंट 1905 सालचं. पण ती नीट चालायला वीस वर्षं गेली. 1925च्या सुमारास जहाजाच्या दहा सिलिंडरच्या इंजिनाची ताकद त्यानं 1750 हॉर्सपॉवरवरून 2500वर नेली. ट्रकवर टर्बो आला 1938मध्ये, स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीचा.

आपल्याकडं जुन्या टाटा गाड्यांमधलं सहा सिलिंडरचं 697 इंजिन बिनटर्बोचं होतं. 1993मध्ये टाटा आणि कमिन्स यांची भागीदारी झाली, जमशेदपूरला इंजिनं बनू लागली आणि टर्बोची शिट्टी आपल्या हायवेवर रुळली. पुढं प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा टर्बो घरोघरच्या ट्रकमध्ये आला.

हा पंखा मिनिटाला लाखभर फेरे मारू शकतो. म्हणजे सेकंदाला दीड हजारांहून जास्त. एका बाजूला सहाशे-सातशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. मधला दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर काही सेकंद जरी नसला तरी बुश घासतात आणि खेळ खलास.

खरंच टर्बो गेलाय का?

पैसा वाचतो तो इथं. होजपाइप काढला, आत ऑइल दिसलं की बरेच जण लगेच टर्बो बदलतात. नवा बसतो, आणि काही दिवसांनी त्यातूनही ऑइल येतं. कारण दोष टर्बोत नसतोच.

टर्बोतलं ऑइल खाली चेंबरमध्ये परत जातं ते फक्त उताराच्या जोरावर. तो परतीचा पाइप कार्बननं किंवा दाबला गेल्यानं तुंबला असेल, तर ऑइल सील ओलांडून पंख्याकडं येणारच. एअर फिल्टर खानदेशच्या धुळीनं चोंदला असेल तर पंखा हवेऐवजी ऑइलच ओढून घेतो. आणि कुठला होज फाटला, क्लिप ढिली झाली किंवा इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालं, तर दाबलेली हवा इंजिनापर्यंत पोचतच नाही. मग डिझेल अर्धवट जळतं, धूर काळा होतो आणि आळ येतो टर्बोवर.

म्हणून आधी फिल्टर, मग होज आणि क्लिपा, मग परतीचा पाइप. सगळ्यात शेवटी दांडा हातानं हलवून बघायचा. आडवा किंचित हलला तर घाबरू नका, ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा असते. पण आत-बाहेर हलत असेल किंवा पाती घराला घासल्याची खूण असेल, तर मात्र तो कामाचा नाही.

तांबटांचं शास्त्र

ऑइल पाइपच्या बोल्टखाली तांब्याचा वायसर असतो. एकदा आवळला की तो दबून कडक होतो. तोच परत लावला तर नीट बसत नाही आणि ऑइल पाझरतं. सोनगीरकरांना हे वेगळं सांगायला नको. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, तसंच ठोकत राहिलं तर तडकतं. म्हणून तांबट ते मधूनमधून भट्टीत तापवून नरम करून घेतात. मेकॅनिकही अडल्या वेळी जुना वायसर लाल करून, गार करून लावतो. कॉलेजात याला 'अ‍ॅनिलिंग' म्हणतात आणि त्यावर मार्कांचा प्रश्न येतो. अर्थात नवा वायसर स्वस्तात मिळतो, तो टाकणं केव्हाही बरं.

बांधताना हे विसरू नका

- खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा.
- उघडी तोंडं स्वच्छ कापडानं झाका आणि बसवताना ते कापड आठवणीनं काढा. आत राहिलेलं फडकं किंवा पडलेला नट थेट पंख्यात नाही तर सिलिंडरमध्ये जातो.
- जुनं पॅकिंग खरवडताना कण आत पडू देऊ नका. पॉलिश पेपरची धूळ आत गेली तर ती इंजिन खाते.
- जिथं कंपनीनं पॅकिंग दिलंय तिथं पॅकिंगच लावा. वर सिलिकॉनचा थर फासू नका. आवळल्यावर तो आतल्या बाजूला फुगतो, तुटतो आणि ऑइलची वाट बंद करतो.
- मॅनिफोल्डचे बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडं, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. किती आवळायचे ते त्या इंजिनाच्या पुस्तकात असतं. टॉर्क पाना मागून आणा. 'हाताचा अंदाज' सगळ्यांचा सारखा नसतो.
- टर्बोच्या ऑइलच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओता, पंखा हातानं फिरवा. मग डिझेल बंद ठेवून थोडा स्टार्टर मारा, म्हणजे ऑइल वरपर्यंत चढतं. चालू झाल्यावर काही मिनिटं रेस द्यायची नाही.

जिवाशी खेळ नको

टर्बोतून भरपूर ऑइल इनटेकमध्ये गेलं, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, आवाज चढतच जातो. अशा वेळी थांबवायचं तर हवा तोडावी लागते. म्हणून पहिल्यांदा चालू करताना इनटेकचं तोंड झाकेल अशी जाड फळी हाताशी ठेवा. फळीच, हात नव्हे. पोरंटोरं आणि सैल ओढण्या लांब. गाडीच्या चाकांना दगड लावलेले हवेतच.

शिवाय, एप्रिल 2020नंतरच्या बीएस-6 गाड्यांमध्ये सेन्सर आणि धूर साफ करणारी यंत्रणा जोडलेली असते. ती अंगणात उघडायची नाही. वॉरंटी असेल तर मुळीच नाही.

पान्याची लाज कशाला?

आपल्याकडं एक गंमत आहे. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला की पेढे वाटतात, मेकॅनिक झाला की सांगायला कचरतात. खरं तर दहावीनंतर आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा ट्रेड आहे, आणि त्यात शिकवलेलं काम या हायवेवर रोज लागतं. डिग्रीवाल्यानं एकदा तरी काळे हात करावेत आणि मेकॅनिक काकांनी एकदा तरी इंजिनाचं पुस्तक उघडावं. पुस्तकातला टॉर्कचा आकडा आणि काकांचा कान, दोन्ही एकत्र आले तर गाडी दोनदा खोलावी लागत नाही.

तेव्हा पुढच्या सुट्टीत अंगणात गाडी उघडली, तर नुसती बॅटरी धरू नका. विचारा, 'काका, हा पाइप उताराचाच का लागतो?' उत्तर आलं तर शिकाल. नाही आलं, तर दोघं मिळून शोधाल.