सांपडलेल्या वस्तूचा धनी

रस्त्यांत पडलेलें पाकीट उचलणें ही चोरी नव्हे. हें आरंभींच सांगतों. कारण पुष्कळ सज्जन माणसें नसती ब्याद नको म्हणून अशा वस्तूला वळसा घालून जातात व आपण निर्लेप राहिलों असें समजतात. त्यांच्या मागून येणारा तितकाच निर्लेप असेल असें मात्र नाहीं!

पाकीट ताब्यांत घेतलें कीं आपण एका अपरिचिताचे विश्वस्त होतों. ठेव सांभाळणाराची जी जबाबदारी, तीच १८७२ च्या करार-कायद्याच्या ७१ व्या कलमानें सांपडलेली वस्तु घेणारावर टाकली आहे. १८६० च्या दंडविधानानें हाच विचार दाखल्यांसह मांडला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही, ३१४ व्या कलमांत, तो कायम आहे. दाखले मोठे मार्मिक आहेत. हमरस्त्यावर एकाला रुपया सांपडतो, कोणाचा तें ठाऊक नाहीं, तो उचलतो. येथें अपराध नाहीं. दुसऱ्याला मौल्यवान आंगठी सांपडते. धन्याचा शोध न करतां तो ती तत्काळ विकतो. हा अपराधी. तिसऱ्याला पैशांची थैली सांपडते, धनी मागाहून कळतो, आणि कळल्यावरही तो ती आपलीशी करतो. हाही अपराधीच. उचलतांना माझें मन स्वच्छ होतें, हा बचाव त्याच्या उपयोगीं पडत नाहीं. ‘ज्याला सांपडेल त्याचें’ हा न्याय मुलांच्या खेळापुरताच खरा.

शोध करावा तो कसा? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत एक शहाणपणाची रीत आहे. धनी नसलेली वस्तु राजानें तीन वर्षें जपावी. हक्क सांगणारानें तिचें रूप, रंग, आकार, हरवल्याचें स्थळ व काळ सांगावा. न सांगतां आल्यास वस्तूच्या किंमतीइतका दंड भरावा. आजकाल सांपडलेल्या दागिन्याचें छायाचित्रच मोबाइलवरून शंभर घरीं धाडतात. हेतु चांगला, पण खूण सर्वांना कळल्यावर खरा धनी ओळखावा कशानें? ‘बागेजवळ एक दागिना सांपडला आहे’ एवढेंच कळवावें. उरलेलें मागणारानें सांगावें.

त्याच अध्यायांत, वस्तु परत देतांना राजानें तिचा सहावा, दहावा किंवा बारावा भाग ठेवावा असें आहे. राखणीची मजुरी राजालाही सुटली नाहीं! आपल्या कायद्यांत, १६८ व्या कलमाप्रमाणें, सांपडविणाऱ्याला आपखुषीनें सोसलेल्या श्रमांसाठीं व खर्चासाठीं दावा लावतां येत नाहीं. भरपाई मिळेपर्यंत वस्तु अडवून धरतां येते, आणि धन्यानें ठराविक इनाम जाहीर केलें असेल तर त्यासाठीं मात्र दावा चालतो. परंतु गिऱ्हाइकाची पिशवी पोंचविण्यासाठीं अर्धा दिवस घालविणारा रिक्षावाला ती अडवून धरीत नाहीं; मुकाट्यानें देऊन जातो. त्याची बुडालेली मिळकत भरून देणें हें माझ्या मतें बक्षीस नव्हे, देणें आहे.

धनी न मिळाल्यास वस्तु पोलीस ठाण्यांत द्यावी, आगगाडींत सांपडली असल्यास स्टेशनमास्तरांकडे. पोंच मागण्यास संकोचूं नये. पावतीवर वस्तूचें वर्णन नीट उतरलें आहे ना, तें तेथेंच वाचून घ्यावें.