कापसाचा भाव अन् ‘मॅक्स’चा घोळ

कापसाच्या सीझनमध्ये अकोटात कुणालाही भेटा, पहिला प्रश्न ठरलेला, ‘आज कापसाले काय भाव भेटला?’ उत्तर मात्र एक नसतं, तीन असतात. कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर बाजारभावाचा तक्ता उघडून बघा : किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. दोस्तांनो, यातले पहिले दोन म्हणजे तुम्ही पायथनमध्ये शिकलेले मिन आणि मॅक्सच!

काम सोपं आहे. दिवसभराच्या लिलावातले सगळे भाव एका लिस्टमध्ये टाका. कॉम्प्युटर पहिला भाव हातात धरतो आणि पुढच्या प्रत्येकाशी तुलना करतो. मोठा दिसला की जुना सोडून तो धरतो. १०० भाव असले तर ९९ तुलना, विषय संपला. त्यासाठी अख्खी लिस्ट सॉर्ट करत बसायची गरज नाही. हा लूप स्वतः लिहिणार असाल तर सुरुवात लिस्टमधल्या पहिल्या भावापासून करा. शून्यापासून केली, तर किमान दर कायम शून्यच निघेल!

अजून दोन ठिकाणी गडबड होते. लिलाव नसला त्या दिवशी लिस्ट रिकामी राहते. मग मॅक्स एरर देतो आणि प्रोग्राम बंद पडतो. म्हणून ‘डिफॉल्ट’ आधीच देऊन ठेवा. दुसरं म्हणजे, फाइलमधून वाचलेले आकडे बऱ्याचदा टेक्स्ट असतात. २०२२च्या सुरुवातीला कापूस १०,००० रुपयांच्या वर गेला होता. अशा वेळी ‘९८००’ आणि ‘१०२००’ हे टेक्स्ट म्हणून आले, तर मॅक्स ९८०० सांगतो. कारण तो पहिलं अक्षर बघतो, आणि ९ हा १ पेक्षा मोठा. एररसुद्धा येत नाही! आकडे आधी इंटिजरमध्ये बदलून घ्या.

पण खरी मेख पुढेच आहे. समजा भाव आहेत ७२००, ७३००, ७३००, ७३५० आणि ८१००. मॅक्स ८१००, अगदी बरोबर. पण तो मिळाला एकाच गाडीला. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अकोट ८१००’ फिरतं, शेतकरी गाडीभाडं खर्चून येतो आणि हातात ७३०० पडतात. क्विंटलमागे ८०० रुपये कमी, म्हणजे २० क्विंटलला १६,०००. कुणाची तरी कॉलेजची फीच गेली की!

म्हणून मॅक्सला ‘की’ द्या आणि नुसता आकडा नाही, पूर्ण नोंद मागा : किती क्विंटल, ओलावा किती, धाग्याची लांबी किती. भाव यावरच ठरतो. सीसीआय तर १२ टक्क्यांहून जास्त ओलाव्याचा कापूस घेतच नाही. जोडीला सर्वसाधारण दर बघा, कारण बहुतेक माल त्याच्या आसपास विकला जातो.

घरी कापूस असेल तर महिनाभराचे तक्ते घ्या आणि कमाल व सर्वसाधारण दरातला रोजचा फरक काढा. दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम आहे. आणि बाबांनी भाव विचारला, की एक नाही, तिन्ही आकडे सांगा.