वार आणि ओळी : नागपूरच्या जुन्या बाजाराची रचना

नागपूर–भंडारा मार्गावर, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या मौद्याची रोजची गरज आठवडी बाजार भागवतो. परंतु लग्नाचा बस्ता, म्हणजे दोन्ही घरांसाठीची कापडखरेदी, आणि त्यासोबतचे दागिने व भांडी घ्यायची वेळ आली की अनेक कुटुंबे नागपूरच्या इतवारीची वाट धरतात. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवलेल्या आणि पुढे रघूजी भोसल्यांनी राजधानी केलेल्या या शहरात इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही वस्त्यांची नावे आजही बोलण्यात आहेत. वार ठरवून माल एका जागी आणण्याची खेड्यापाड्यांची रीतच त्यांत टिकून आहे.

वाराच्या पोटात ‘ओळी’ येते. एकाच मालाची दुकाने जिथे लागून असतात ती गल्ली म्हणजे ओळी. सराफा ओळी, लोहा ओळी, किराणा ओळी ही त्यांची नावे. इस्तंबूलच्या पंधराव्या शतकात सुरू झालेल्या आच्छादित महाबाजारातही गल्ल्यांना धंद्यांची नावे आहेत, आणि तिथे टोप्या शिवणाऱ्यांच्या नावाची मुख्य गल्ली आता सोन्याच्या दुकानांनी भरलेली दिसते.

प्रतिस्पर्धी शेजारी शेजारी का बसतात, या प्रश्नाचा विचार मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतील सेफ्रू या गावाच्या अभ्यासातून केला. जिथे मालाची प्रत आणि भाव ठरलेले नसतात, तिथे माहिती हीच सर्वांत दुर्मीळ वस्तू असते, असे त्यांनी 1978 साली मांडले. या दृष्टीने पाहता बाजार हिंडणे हा रिकामपणाचा उद्योग ठरत नाही, तर गिऱ्हाइकाचे तेच मुख्य काम ठरते. सुकी मिरची घेणारी जाणती बाई पोत्यात हात घालून खालची मिरची वर काढते, कानाजवळ हलवून बियांचा खुळखुळाट ऐकते, देठ मोडून वास घेते, ओल धरलेली मिरची मऊ लागताच पोते सोडून पुढच्या दुकानी जाते आणि तिथे मागच्या दुकानाचा भाव सांगते. हे सारे दहा पावलांत घडू शकते, कारण ओळी आहे.

त्यामुळे गर्दीवर उपाय म्हणून एखादा धंदा शहराबाहेर न्यायचा झाला, तर तो अख्ख्या ओळीनिशी हलवावा. विखुरलेल्या दुकानांत दुकानदाराला जागा मिळते, पण गिऱ्हाइकाची पारख लंगडी पडते. धान्याचा घाऊक व्यापार कळमन्याच्या बाजार समितीत एकवटला, तो या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतो. ओळी जागेवर असली तरी गिऱ्हाईक तिथवर पोहोचायला हवे. इतवारी–नागभीड अरुंद रेल्वेमार्ग मात्र 2019 साली रुंदीकरणासाठी बंद झाला आणि उमरेड–भिवापूरकडील प्रवाशांची थेट इतवारीत उतरण्याची सोय गेली. भंडारा मार्गाने येणाऱ्यांना आता प्रजापती नगरपासून मेट्रो मिळते, आणि तिच्या एका स्थानकाला चितार ओळीचे, म्हणजे मूर्तिकार व रंगकाम करणाऱ्यांच्या गल्लीचे, नाव दिलेले आहे.