रिकामी पुंगळी आणि तराजूचा कांटा

अमेरिकेंतील अनेक निशाणबाज उडविलेलीं काडतुसें घरींच पुन्हां भरतात. न्यू हेवन येथें १८८४ सालीं निघालेली आयडियल कंपनी यासाठींच हत्यारें बनवीत असे. आपल्याकडे मात्र १९५९ च्या कायद्यानें परवान्यावांचून काडतूस बनविणें गुन्हा आहे.

पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी हे काडतुसाचे चार भाग. पैकीं पितळी पुंगळी तेवढी पुन्हां उपयोगी पडते. नवशिक्यानें एका वेळीं एकच काम करणारें दाबयंत्र घ्यावें. तें संथ खरें, पण प्रत्येक पुंगळी डोळ्यांखालून जाते. यंत्रांत काटकसर चालेल, तराजूंत चालणार नाहीं. एका पौंडाचे ७,००० ग्रेन होतात, आणि दारूचें माप ग्रेनच्याहि दशांशांत पाहावें लागतें. प्रमाण कारखान्याच्या छापील पुस्तकांतलेंच घ्यावें.

आतां कामाचा क्रम. पुंगळ्या पुसून, चिरा तपासून, साच्यांत दाबून टोप्या बसवाव्यात. दारू भरण्याचें काम वेगळ्या बैठकीस ठेवावें. त्या वेळीं मेजावर दारूचा एकच डबा असावा, विस्तव नसावा, डोळ्यांवर चष्मा असावा. भरलेल्या पुंगळ्या खांचांच्या फळीवर उभ्या करून, गोळी बसविण्यापूर्वीं दिव्याखालीं प्रत्येकीची पातळी पाहावी. पिस्तुलाच्या कांहीं पुंगळ्यांत दुप्पट दारूहि सहज मावते, आणि तिनें हातांतलें हत्यार फुटतें. मध्येंच कोणीं हांक मारली, तर परतल्यावर पहिल्या पुंगळीपासून पुन्हां पाहावें. शेवटीं डबीवर दारूचें नांव, वजन व तारीख लिहावी. या कामांत घाईला जागा नाहीं.